जिना दुरुस्त केला त्यानंतर

भुताखेतांवर विश्वास ठेवायलाही अंगात थोडं त्राण लागतं. त्या वर्षी माझ्यात ते नव्हतं, आणि त्याआधीही कधी नव्हतं. इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी वाचते... अमावास्या, पिंपळ, वळणावर उभी असलेली बाई... वाचते आणि कूस बदलून शांत झोपते. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी, चहाच्या वेळेला झालं. घाबरायलाही फुरसत झाली नाही, म्हणून ते कोणाला नीट सांगितलंच नाही. आता रिटायर झाले आहे, वेळ आहे, तर लिहिते.

आम्ही तेव्हा चेन्नईत, वेस्ट मांबलमला राहत होतो. दोन हजार तीन-चारचा सुमार. माझा नवरा अरुण शहराबाहेर आवडी नावाच्या गावी डिफेन्स फॅक्टरीत. सकाळी सहाला घर सोडायचा, मांबलमहून लोकलने पार्क स्टेशन, तिथून रस्ता ओलांडून सेंट्रल, मग आवडीची गाडी. परत यायला आठ. माझं ऑफिस शहरात होतं, केंद्र सरकारचं. आवडीला क्वार्टर मिळत नव्हतं, म्हणून हे भाड्याचं घर, मांबलम स्टेशनपासून दहा मिनिटांवर.

घर जुनं, दुमजली. खाली मालक रावजी आणि त्यांची बायको, वर आम्ही. वर यायला घरातूनच लाकडी जिना होता. सतरा पायऱ्या, नवव्या पायरीनंतर वळण. बर्मा टीकचं लाकूड, कठडा इतका गुळगुळीत की हात ठेवला की थंड वाटायचं. पण जिना कुरकुरायचा. थोडाथोडका नाही, सतराच्या सतरा पायऱ्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. मांजर चढलं तरी कळायचं.

रावजी तंजावरकडचे मराठी. रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊनही वीस वर्षं झालेली. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी बघतच राहिले होते. "केव्हा" ला "केम्मा", "सगळं" ला "अस्की", मध्येच तमिळ, आणि हेल तर सगळा तमिळच. त्यांच्या बायकोला गल्लीतले सगळे मामी म्हणायचे, म्हणून आम्हीही मामी.

आणि आमच्याकडे वर होते माझे सासरे, आप्पा. कराडला शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना चेन्नईला आणलं. वर्षभरात बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण जिना उतरणं कायमचं संपलं. कॉट, खुर्ची, खिडकी... एवढंच. तमिळचा एक शब्द येत नव्हता. दिवसभर आम्ही दोघं ऑफिसात, घरात एक कामवाली, तिला मराठी येत नव्हती. मला वाटायचं हा माणूस बोलायचं विसरून जाईल.

ते झालं नाही, कारण रावजी.

रोज दुपारी चारला रावजी वर यायचे. त्यांचा उजवा गुडघा गेलेला होता. एक पाय वरच्या पायरीवर ठेवायचा, दुसरा ओढून त्याच पायरीवर आणायचा, मग पुढची पायरी. म्हणजे प्रत्येक पायरी दोनदा वाजायची. वळणावर थांबायचे, दम घ्यायचे, आणि तिथूनच हाक द्यायचे, "मास्तर, आहांत काय?"

आणि आप्पा कॉटवरून ओरडायचे, "कुठं जाणार?"

रोज हेच. रोज दोघंही हसायचे, जणू पहिल्यांदाच बोलताहेत.

आप्पांनी एक वही केली होती. रावजींच्या तोंडून वेगळा शब्द निघाला की तारीख घालून लिहून ठेवायचे. शब्द, अर्थ, कधीकधी शेजारी छोटंसं पेन्सिल-चित्र. "सुनंदा, हे लोक तीनशे वर्षांपूर्वीची मराठी डब्यात घालून घेऊन आलेत," असं मला सांगायचे. रावजींना आपल्या घरातल्या बोलीचं कोणाला एवढं कौतुक वाटेल असं कधी वाटलंच नव्हतं. त्यांची मुलगी कोइमतूरला, तिची मुलं इंग्रजीत बोलणारी.

त्या फेब्रुवारीत आप्पांना हार्ट अटॅक आला. वाचले. डॉक्टरांनी बजावलं, धक्का बसेल असं काहीही कानावर घालू नका. मी लांबलचक अर्जित रजा टाकून घरी बसले. बसले म्हणजे काय... ते पाण्याच्या दुष्काळाचं वर्ष होतं. नळ कोरडे. गल्लीत पाण्याची लॉरी, म्हणजे टँकर, आली की प्लॅस्टिकचे कुडम, म्हणजे आपल्या भाषेत घागरी, घेऊन पळायचं, रांग लावायची आणि एकेक कुडम कमरेवर घेऊन सतरा पायऱ्या चढायच्या. दिवसाला दहा-बारा खेपा. खाली मामींचंही पाणी भरायचं, त्यांच्याने होत नव्हतं. रात्री आप्पांची औषधं. आरशात बघायचं मी सोडूनच दिलं होतं.

एप्रिलमध्ये रावजींना ताप आला. साधाच वाटला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नेलं आणि पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

मुलगी आणि जावई आले. सगळं परस्पर हॉस्पिटलमधून झालं, घरी आणलंच नाही. मामींनीच तसं ठरवलं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मास्तरांस सांगू नको. तेही जातील. एक पुरे."

मग मी आप्पांना सांगितलं की रावजी बरे होऊन मुलीकडे कोइमतूरला गेले आहेत, विश्रांतीला.

"केव्हा येणार?"

"येतील दोन-तीन आठवड्यांत."

"पत्र लिहू का?"

"पत्ता विचारते मामींना."

असं सुरू झालं. एक खोटं बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं, आणि पाण्याची तर त्या वर्षी बोंबच होती. मामी खाली पांढऱ्या चेहऱ्याने बसलेल्या, आणि मी वर येऊन हसून सांगायची, "आज फोन आला होता, तब्येत छान आहे."

पण खरा त्रास जिन्याचा होता.

कोणीही जिन्यावर पाय ठेवला की आप्पा मान उचलायचे. कुडम घेऊन मी चढले तरी. कामवाली चढली तरी. "रावजी आले वाटतं?" मी वर पोचेपर्यंत त्यांचे डोळे दाराकडे लागलेले असायचे, आणि दारात मी दिसले की ते परत खिडकीकडे वळायचे. तक्रार नाही, काही नाही. नुसती मान वळायची. दिवसातून दहा-बारा वेळा मी ते बघायची. एकदा तर पाण्याने भरलेला कुडम कमरेवर असताना मी वळणावरच खाली बसले आणि रडले. वर जायची हिंमतच होईना.

तेव्हा मी ठरवलं, हा जिना गप्प करायचा.

आधी स्वतःच करून पाहिलं. कोणी सांगितलं फटींत टाल्कम पावडर घाल. घातली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. मग मेणबत्ती घासली. मग खोबरेल तेल ओतलं, ते सगळ्यात वाईट. आवाज तसाच आणि वर पाय घसरायला लागले. अरुण म्हणाला, "पडलीस तर तुझ्यासाठी आणखी एक कॉट लागेल, सुतार बोलाव."

सुतार बोलवायचा तर मामींना विचारायला हवं. घर त्यांचं. मी खाली गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मामी, जिना दुरुस्त करून घेऊ का? आवाज फार होतो. आप्पांना..."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं नाही म्हणतील. मग म्हणाल्या, "त्यांनी कधी करू दिलं नाहीं. किती वेळां सांगितलं मी. आतां काय... कर."

मुरुगेशन नावाचा सुतार आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल. माझं तमिळ कामापुरतं. मी त्याला एवढंच सांगितलं, "सत्तम वरक्कूडादु." आवाज येता कामा नये. त्याने प्रत्येक पायरीवर उभं राहून अंग डावी-उजवीकडे हलवलं, जिन्याखालच्या कपाटात शिरून टॉर्चने पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं की लाकूड उत्तम आहे, पण उन्हाने आकसलंय, जुने खिळे सैल झालेत. पायरीची आडवी फळी उभ्या फळीवर घासते, तोच आवाज.

तीन दिवस काम चाललं. खालून फटींमध्ये गोंद लावून पाचरी ठोकल्या, कोपऱ्यांत लाकडी ठोकळे बसवले, वरून प्रत्येक पायरीला लांब स्क्रू. आप्पांना मी सांगितलं, वाळवी लागली होती म्हणून काम काढलंय. ठोकाठोकीत ते गप्प पडून राहिले. मामी तिन्ही दिवस खालच्या दाराशी स्टूल घेऊन बघत बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मुरुगेशनने मला वरखाली जायला लावलं. मी गेले. सावकाश, मग भरभर, मग मुद्दाम पाय आपटत. आवाज नाही. फक्त पावलांचा थप-थप. तो म्हणाला, "इनि वरादु मा." आता येणार नाही.

आणि खरंच, पुढचे तीन-चार दिवस मी इतक्या शांतपणे चढत-उतरत होते की मी खोलीत शिरले की आप्पा दचकायचे. त्यांची मान उचलणं थांबलं. "रावजी आले वाटतं" थांबलं. मला सुटल्यासारखं वाटलं... आणि त्याची लाजही वाटली. म्हाताऱ्या माणसाची वाट बघणंसुद्धा मी सुताराला सांगून बंद करून घेतलं होतं.

मग तो शुक्रवार.

चार वाजायला पाच-सात मिनिटं होती. लॉरी दुपारीच येऊन गेली होती, त्यामुळे गल्ली शांत. मामी त्यांच्या मागच्या खोलीत पंखा लावून झोपल्या होत्या. मी वरच्या स्वयंपाकघरात ताटात डाळ निवडत होते. आप्पा त्यांच्या खोलीत, दार उघडं.

जिना कुरकुरला.

माझ्या मनात पहिला विचार आला तो अगदी क्षुल्लक. मुरुगेशनने कच्चं काम केलं, आता पुन्हा त्याच्यामागे फिरणं आलं. एवढाच. मग दुसरा आवाज आला, त्याच सुरात. म्हणजे त्याच पायरीवर. मग पुढच्या पायरीचा सूर, दोनदा. मग पुढची, दोनदा.

मला त्या पायऱ्यांचे सूर पाठ होते हो. दिवसातून दहा-बारा वेळा पाणी घेऊन चढणाऱ्या बाईला पाठ होणारच. चौथी पायरी बारीक किर्र करायची, सहावी जाड. तेच क्रमाने येत होतं. नऊ पायऱ्या झाल्या आणि आवाज थांबला. वळणावर. जेवढा वेळ दम घ्यायला लागतो तेवढा वेळ.

मी ताट हातात घेऊनच उठले आणि जिन्याच्या तोंडाशी आले. उजेड होता. वळणावरच्या खिडकीतून ऊन सरळ पायऱ्यांवर पडलं होतं. कोणी नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर, रिकाम्या पायऱ्यांवरून, आवाज वर येत होता. चौदावी. पंधरावी. सोळावी. प्रत्येक पायरी दोनदा.

लोक लिहितात की गारवा जाणवला, वास आला, अंगावर काटा आला. मला तसलं काही झालं नाही. मी काय केलं सांगू? मी बाजूला झाले. वयस्कर माणूस वर येत असलं की आपण भिंतीला लागून वाट देतो ना, तशी. ठरवून नाही, अंगानेच ते केलं.

आणि खोलीतून आप्पांचा आवाज आला. मोठ्याने, आनंदाने.

"कुठं जाणार?"

मी स्वयंपाकघरात परत गेले आणि जमिनीवर बसले. आप्पा बोलत होते. मध्ये थांबत होते, हुंकार देत होते, एकदा हसले. मला दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकू आला नाही, हे स्पष्ट लिहिते. फक्त आप्पांचा. वीसेक मिनिटांनी तेही थांबलं. उतरण्याचा आवाज काही आला नाही.

मी आत गेले. खुर्चीवर सकाळपासून ठेवलेल्या कपड्यांच्या घड्या तशाच होत्या. आप्पांच्या पोटावर वही उघडी, हातात पेन्सिल.

"कोणाशी बोलत होतात, आप्पा?"

"रावजी आले होते ना. आत्ता गेले. थकलेत बरं का प्रवासाने." मग जरा थांबून, "म्हणाले, मास्तर, जिना कशास गप्प केलात?"

बाहेर येऊन जिना उतरले, चढले, पुन्हा उतरले. एक पायरी वाजली नाही.

रात्री जेवताना अरुणला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोही बिचारा चौदा तास घराबाहेर राहून आलेला. म्हणाला, "तू किती दिवस नीट झोपली नाहीस?" मला मोजता आलं नाही. "आप्पांना भास होताहेत, औषधांनी होतात. आणि तुला झोप हवी आहे." पटलं मला. पटवून घेतलं म्हणा.

सोमवारी पुन्हा झालं. चारला, तसंच. या वेळी मी बाहेर गेले नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिले. मामी त्या दिवशी पेन्शनच्या कागदांसाठी जावयाबरोबर गेल्या होत्या, घरात खाली कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुरुगेशनला बोलावून आणलं. त्याने सगळा जिना तपासला, उड्यासुद्धा मारल्या. सगळं घट्ट. "आधी आवाज नको म्हणालात, आता आवाज नाही म्हणून का चिंता, मा?" असं काहीसं तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंच नसतं. थकलेली बाई, आजारी म्हातारा, उन्हात तडकणारं जुनं लाकूड. झालं.

पण त्या संध्याकाळी आप्पांचं अंथरूण बदलताना वही खाली पडली. उचलताना शेवटचं पान दिसलं. सोमवारची तारीख. आप्पांच्या थरथरत्या अक्षरात एक शब्द, "किर्रम्मा". समोर अर्थ, "जिना". खाली लिहिलं होतं, "लहान मुलांचा शब्द. रा. च्या घरातला." शेजारी पेन्सिलने तीन पायऱ्या काढलेल्या.

मला वाटलं, गोड आहे. मामींना दाखवू, तेवढंच त्यांना बरं वाटेल. मी वही घेऊन खाली गेले. त्यांना देवनागरी सावकाश वाचता यायची. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग वही मांडीवर ठेवली.

"हें तुज कोणी सांगितलं?"

"आप्पांनी लिहिलंय. रावजींनीच सांगितलं असेल, आधी कधीतरी."

"नाहीं." मामींचा आवाज इतका स्पष्ट मी कधी ऐकला नव्हता. "ते सांगणार नाहींत."

मग त्यांनी मला सांगितलं. कोइमतूरच्या मुलीच्या आधी त्यांना एक मुलगी होती. कमला. साडेतीन वर्षांची असताना तापाने गेली. पन्नास वर्षं होत आली असतील. तिला त्या जिन्याचं वेड होतं. पायरी वाजली की टाळ्या पिटायची. जिन्याला ती किर्रम्मा म्हणायची, जणू जिना म्हणजे घरातली कोणी बाईच. ती गेल्यावर रावजी आणि मामींनी एकमेकांना शब्द दिला होता की तिच्याबद्दल बोलायचं नाही. बोललं की दोघंही मोडायचे. धाकट्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. "हा शब्द मी पन्नास वर्षांत तोंडांत घेतला नाहीं," मामी म्हणाल्या. "त्यांनीही नाहीं."

मग मी त्यांना शुक्रवारचं सांगितलं. सोमवारचंही. सांगायला नको होतं का, ते मला आजही कळत नाही. वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं,

"तूं ऐकलंस?"

"हो."

"मास्तरांनींही?"

"हो."

"आणि मज कां ऐकूं येत नाहीं?"

मी त्यांच्या मांडीवरची वही उचलून मिटली.

दुसऱ्या दिवसापासून मामी साडेतीनलाच येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायला लागल्या. झोपायच्या नाहीत, पंखा लावायच्या नाहीत. काठी बाजूला, हात मांडीवर. पाच वाजेपर्यंत बसायच्या. मी वरून बघायची. पाणी भरायचं असलं तर त्या अंग चोरून मला वाट द्यायच्या, आणि मी गेले की पुन्हा मध्यभागी सरकायच्या. आठ दिवस हे चाललं. आठ दिवस काहीही झालं नाही. वर आप्पा पुन्हा दाराकडे बघायला लागले, आता आवाजाची वाट न बघता नुसतेच.

नवव्या दिवशी मामींनी मला खालून हाक मारली. त्यांचा चेहरा त्या आठवड्यात अर्धा झाला होता.

"मास्तरांस खरं सांगून टाक, सुनंदा."

"मामी, डॉक्टर..."

"सांग. तूंही दमलीस, मीही. तेही दमले असतील, जिना चढून चढून. गुडघा दुखतो त्यांचा."

मी अरुणची वाट पाहिली नाही. पाहायला हवी होती, त्यावरून नंतर आमचं भांडणही झालं. पण त्या क्षणी मला आणखी एक दिवस खोटं बोलणं शक्य नव्हतं. हृदयाची गोळी मुठीत धरून मी वर गेले, आप्पांच्या कॉटवर बसले आणि सांगितलं. ताप, हॉस्पिटल, पाचवा दिवस. मामींनी नको म्हटलेलं. सगळं.

आप्पा ऐकत राहिले. गोळी द्यावी लागली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पंच्याने पुसलं. मग त्यांनी विचारलं, "तारीख?"

मी सांगितली.

त्यांनी उशाची वही घेतली. पानं उलटली. शेवटच्या दोन पानांवर बोट ठेवलं.

"मग शुक्रवारी कोण आलं होतं? आणि सोमवारी?"

"माहीत नाही, आप्पा," मी म्हटलं. आणि माझ्या लक्षात आलं, दीड महिन्यात त्यांना मी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू झोप जा थोडी. मी जागा आहे." मी तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि तीन तास झोपले. इतकी गाढ झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

त्यानंतर जिना कधीच वाजला नाही. आप्पांनी वाट पाहिली नाही, वहीत नवीन शब्द लिहिला नाही. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले. आम्हाला आवडीला क्वार्टर मिळालं, आम्ही तिकडे गेलो. मामींना मुलगी कोइमतूरला घेऊन गेली. ते घर पाडून तिथे फ्लॅट झाले असं नंतर कळलं. जिन्याचं लाकूड कोणी घेतलं, कोण जाणे.

अरुण आजही म्हणतो की रावजींनी तो शब्द आधी कधीतरी बोलता बोलता सांगितला असणार, दोन म्हातारे एकमेकांना काय काय सांगतात, बायकोला सांगत नाहीत ते सुद्धा. आप्पांनी तो उशिरा लिहिला. असेलही. मी वाद घालत नाही. लाकूड तापतं, फुगतं, आकसतं, हेही मला मान्य आहे. पण लाकूड वळणावर थांबून दम घेत नाही.

फक्त एक राहून राहून वाटतं... मामींना एकदा तरी ऐकू यायला हवं होतं.